सोयर लागेपर्यंत

माझ्या आयुष्यात जे काही उभं आहे ते भागीआत्यामुळे उभं आहे. तिचं नाव मी सगळ्यात आधी लिहिते. पुढे ज्या लोकांबद्दल लिहायचं आहे त्यांची नावं तिच्या नावाआधी येऊ नयेत, एवढी माझी इच्छा आहे.

आता गोठा.

पनवेलला अप्पाशेटच्या घरामागे गोठा होता. गोठ्याच्या तोंडाशी शेणाची पाटी, आणि पाटीशेजारी जुन्या जात्याची तळी पडलेली. त्या तळीवर मला बसवलं होतं. अंगावर पांढरा गणवेश, छातीवर नर्सचा बिल्ला, मांडीवर बाळंतपणाची पेटी. पेटीत उकळून फडक्यात बांधलेली कात्री, नाळेचा दोरा, पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकायचं लाकडी नळकांडं. सगळं तयार. आणि मी शेणाशेजारी.

शेटची बायको, काकू म्हणत त्यांना, मागल्या दारात उभ्या होत्या. दारातून पुढे आल्या नाहीत. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "इथे बस हो. सोयर लागलं की हाक मारते."

मी म्हटलं, "काकू, सूनबाईंना सकाळपासून कळा येतायत. मला पोट तपासायला पाहिजे."

"घरात घट बसलेत. सोयर लागेपर्यंत तुला आत कशी घेऊ?"

"मूल झाल्यावर माझा काय उपयोग?"

"असं कसं? नाळ कापायची, न्हाऊ घालायचं, कपडे बघायचे. मूल झालं की घर विटाळतंच. मग ये की सरळ आत. एवढ्या विटाळात तुझा विटाळ तो कितीसा!"

आणि त्या हसल्या. चेष्टा केल्यासारख्या नाही. समजूत घातल्यासारख्या.

सोयर म्हणजे बाळंतपणाचा विटाळ. मूल जन्मलं की घर दहा दिवस अशुद्ध. त्या दहा दिवसांत देवाला हात लावायचा नाही. मूल जन्मायच्या आधी मात्र घर शुद्ध. म्हणजे माझा हात लागून चालणार नाही. शालिनी, म्हणजे अप्पाशेटची सून, हिला माझी गरज होती ती मूल बाहेर यायच्या आधी. त्यांच्या शास्त्राने मला आत घ्यायची वेळ होती ती मूल बाहेर आल्यानंतर. मधल्या वेळात मी जात्याच्या तळीवर.

स्वातंत्र्य मिळून बरीच वर्षं झाली होती. शिवाशिवीविरुद्ध कायदाही झाला होता. मी तो वाचला होता. कायदा गोठ्यापर्यंत आला नव्हता.

मला बोलावलं कशाला मग? शालिनीला माहेरी आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरी. तिच्या वडिलांनी अट घातली होती की सरकारी नर्स हजर हवी. शेटनी अट पाळली. नर्स हजर होती.

भागीआत्याचं सांगते, म्हणजे मी तिथे का बसले ते कळेल.

आपट्याच्या अलीकडे पाताळगंगेच्या काठावर आमचं गाव. गावाबाहेर महारवाडा. आई माझ्या लहानपणीच गेली. बाप मुंबईला गोदीत कामाला गेला तो परत आला नाही. बापाची बहीण भागी, तिने मला वाढवलं. आत्या सुईण होती. गावातल्या साऱ्या मोठ्या घरांतली पोरं तिच्या हातात जन्मली. खोतांचीसुद्धा. नाळ कापायची वेळ आली की आत्याला हाक. नाळ कापून झाली की तिच्यापुढे बोचकं. बाळंतिणीचे रक्ताचे कपडे, चिंध्या, गोधड्या, सगळं एका बोचक्यात बांधून मागल्या दाराबाहेर टाकायचे. आत्याने ते डोक्यावर घेऊन नदीवर न्यायचं, धुवायचं, वाळवायचं, परत मागल्या दाराशी ठेवायचं. मग त्यावर घरातल्या बाईने पाणी शिंपडून ते उचलायचं.

एकदा मी बोचक्याचं एक टोक धरायला गेले. आत्याने माझ्या हातावर फाडकन मारलं.

"हात नको लावू! तुज्या हाताला ह्याचा वास नाय लागला पायजे."

"तुझ्या हाताला लागतो तो?"

"माजा हात गेला आता. तुजा हाय अजून."

मला तिने शाळेत घातलं. सातवी झाल्यावर पनवेलला पाठवलं. मॅट्रिक झाले तेव्हा वाड्यातल्या बायका म्हणाल्या, आता मास्तरीण कर. आत्या म्हणाली, "नाय. नरस होऊ दे. आमच्या घरान्यानं जे केलं तेच करल. पन उभी र्‍हाऊन करल." मुंबईच्या मोठ्या इस्पितळात मी शिकले. तिथे मेट्रनने माझी जात विचारली नाही, माझी नखं बघितली. बिल्ला मिळाला तेव्हा आत्याने तो हातात घेऊन उलटसुलट केला, दाताने चावून बघितला आणि म्हणाली, "पक्का हाय."

त्या आत्याची भाची गोठ्यापाशी बसली होती. नोकरी नवी होती. वरिष्ठांनी सांगितलं होतं, मोठं घर आहे, जपून. मी जपत होते.

बसल्या जागेवरून मी ऐकत होते. कळांचा आवाज आम्हाला शिकवलेला असतो. शिकवला नाही तरी शिकता येतो. मूल खाली सरकायला लागलं की बाईचा आवाज घशातून पोटात उतरतो, जड होतो. शालिनीचा आवाज उतरत नव्हता. वरच, घशातच फाटत होता. मी उठून मागल्या दाराशी गेले.

"काकू, मूल आडवं असेल. मला एकदा पोटाला हात लावू द्या. आडवं असेल तर अजून काही करता येईल."

आतून उत्तर, "बस म्हटलं ना! नैवेद्य व्हायचाय."

मी पुन्हा बसले. काही वेळाने शालिनी किंचाळली आणि घरात पळापळ झाली. माजघराची एक खिडकी गोठ्याकडे होती. गुरुजी माजघरात घटापुढे बसलेले होते. काकूंचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

"गुरुजी, हात आलाय हो बाहेर. आता सोयर लागलं का?"

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. कुणी सांगितलेलं नाही.

गुरुजी विचार करून म्हणाले, "हात म्हणजे जन्म नव्हे. सबंध देह बाहेर यायला हवा. नैवेद्य दाखवून होऊ द्या."

"मग त्या बाईला?"

"देह बाहेर आल्यावर."

मी मागल्या दाराकडे धावले. काकूंनी मला येताना बघितलं आणि आतून कडी घातली.

मी त्या बंद दाराकडे बघत उभी राहिले. फार वेळ नाही. पण तेवढ्यात माझ्यात जे काही जपून वागणारं होतं ते मेलं. आजतागायत ते परत आलेलं नाही.

घराच्या बाजूने बोळ होता. त्या बोळातून मी पुढच्या अंगाला आले. पायऱ्या चढले. ओटीवर झोपाळ्यावर अप्पाशेट सोवळं नेसून बसले होते. माझ्या चपला पायातच होत्या.

"ए! ए! कुठे?"

मी थेट माजघरात गेले. घट, अखंड दिवा, पुरणपोळीचं ताट. गुरुजी पाट सोडून भिंतीला चिकटले. मी कशाला हात लावला नाही. लावायची गरजच नव्हती. त्यांच्या हिशेबाने मी श्वास घेत होते एवढं पुरे होतं.

शालिनी अंधाऱ्या खोलीत सुताच्या खाटेवर होती. बाळाचा हात दंडापर्यंत बाहेर, सुजलेला, निळा. मी तिच्या पोटाला नळकांडं लावलं. बाळाचे ठोके नव्हते. तिची नाडी दोऱ्यासारखी. तिने माझं मनगट पकडलं आणि विचारलं,

"बाई, तुम्ही कुठे होतात?"

मी म्हटलं, "गोठ्यात."

तिने डोळे मिटले. तिला सगळं कळलं.

अशा बाईला घरात मोकळं करता येत नाही. डॉक्टरच पाहिजे, आणि तोही दवाखान्यात. मी माजघरात येऊन म्हटलं, "खाट उचला. दवाखान्यात न्यायचंय." पुरुष होते तीन. कुणी हललं नाही. शेटचा मुलगा, शालिनीचा नवरा, जमिनीकडे बघत होता. शेट म्हणाले, "नवरात्रात पुरुषांनी बाळंतिणीच्या खाटेला हात लावायचा? तुला अक्कल आहे का?"

समोर रस्त्यापलीकडे शेटची भाताची गिरणी. मी ओटीवर उभी राहून हाक मारली, "अरे धर्मा!" धर्मा हमालांचा मुकादम. त्याच्या बायकोचं बाळंतपण मी केलं होतं. तो चार जणांना घेऊन आला. पायाला, केसांना भाताचा कोंडा. उंबऱ्याशी येऊन सगळे थांबले.

"आत या," मी म्हटलं.

धर्माने शेटकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाय, आमी गोनी उचलनारी मानसं. गोनी वरडत नाय."

"ही ओरडेल. तुम्ही थांबू नका."

ते आत आले. घटासमोरून, दिव्यासमोरून. खाट उचलून बाहेर आणली, गिरणीच्या मालमोटारीवर ठेवली. मी शालिनीजवळ बसले. बाजारातून मोटार गेली तेव्हा दुकानदार फळ्यांवर उभे राहून बघत होते.

मूल गेलेलंच होतं. मुलगा होता. शालिनी वाचली.

संध्याकाळी अप्पाशेट दवाखान्याच्या पायरीपर्यंत आले. वर चढले नाहीत.

"पोर मारलंस. आणि घर बाटवलंस."

मी म्हटलं, "पहिलं तुमच्या घरात झालं. दुसरं मी केलं. दुसऱ्याचं मला वाईट वाटत नाही."

तक्रार झाली. होणारच होती. मी परवानगीवाचून घरात शिरले, बाळंतीण हलवली, त्यामुळे मूल दगावलं. जिल्ह्याहून मोठे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. चष्मा पुसत म्हणाला, "तुम्ही शिकलेल्या आहात. दिलगिरीची एक ओळ लिहून द्या. प्रकरण मिटवतो."

त्याने कागद पुढे केला. मी लिहिलं, "मला बसवलं तिथे मी बसले. पुन्हा बसणार नाही."

साहेबाने वाचलं, कागदाची घडी केली. डॉक्टरांनी खरं काय ते सांगितलं होतं म्हणून नोकरी राहिली. पनवेल गेलं.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी तालुक्याच्या कडेकडेने फिरत राहिले. आधी मिठागरांची गावं. तिथल्या बायकांचे पाय मिठाने चिरलेले, जखम भरूनच येत नाही. मी त्यांना मलम देण्याआधी खोपटात घेऊन पाय गोड्या पाण्यात बुडवायला लावायची. गोडं पाणीच नसायचं. मग मी पाण्यासाठी मामलेदाराशी भांडायची. नर्सचं निम्मं काम पेटीबाहेरचं असतं, हे मला मिठागरांनी शिकवलं. मग खाडीपलीकडची कोळीवाडी. तिथे भरतीची वेळ बघून होडीने जायचं. एका बाईला होडीतच मूल झालं, वल्हवणारा तिचा दीर पाठ फिरवून गाणं म्हणत राहिला. तिला लाज वाटू नये म्हणून. मग कर्नाळ्याच्या पायथ्याच्या कातकरी वाड्या. तिथल्या बायका खांबाला धरून उकिडव्या बसून बाळंत होतात. मला इस्पितळात आडवं निजवायला शिकवलेलं. मी आधी त्यांना निजवायला गेले. एक म्हातारी म्हणाली, "पोर खाली पडतंय का वर?" मीही तिच्या शेजारी उकिडवी बसले.

तिथे सगळी देवमाणसं होती असं नाही. एका आगरी घरात आजीने मला ओटीवर अडवलं.

"तू कोनाची गो?"

"सरकारची."

"सरकारची जात कंची?"

"सरकारला जात नाही, आजी."

"नसंल. पन पानी वरून घालीन."

मी म्हटलं, "पाणी नको. सून कुठे आहे?" आणि आत गेले. पुढच्या दाराने. आता मी कुणालाच विचारत नव्हते. आजी मागून शिव्या देत राहिली. नातू झाला तेव्हा शिव्या बंद झाल्या. पाणी मात्र वरूनच घातलं. मी ते प्यायले नाही.

होडीची वाट बघत मी पुस्तकं वाचायची. बाहेरून बी.ए. झाले. आमच्या वाड्यातली पहिली. सरकारचे मी आभार मानते, मेट्रनचे मानते, पनवेलच्या शाळेचे मानते. हे मनापासून लिहिते. माझ्याजवळ आभार पुष्कळ आहेत. पण त्यांच्याखाली दुसरंही काही होतं आणि ते मी रोज जपत होते. अप्पाशेटला त्या कडीचा जाब द्यावा लागेल. कसा, ते मला माहीत नव्हतं. लागेल, एवढं माहीत होतं.

मग बदली होऊन मी पनवेलला परत आले. दवाखान्याला बाळंतपणाची खोली जोडली होती. सहा खाटा. खोली माझ्या ताब्यात. मी आल्याआल्या तीन नियम केले. एक, घरून पाणी आणायचं नाही. दारात माठ, माठातलं पाणी उकळून गार केलेलं, मी भरलेलं, सगळ्यांना तेच. दोन, नातेवाईकांना एकच बाक. तीन, बाळंतिणीचे कपडे घरच्यांनी न्यायचे आणि घरच्यांनीच धुवायचे. आया धुणार नाहीत.

पहिला नियम आजारासाठी होता. उरलेले दोन माझ्यासाठी.

एका सकाळी अप्पाशेटचे दिवाणजी आले. शालिनीला इतक्या वर्षांनी पुन्हा दिवस गेले होते. दिवस भरले होते. दिवाणजी टोपी सारखी करत म्हणाले, "शेटनी सांगितलंय, तुम्हीच हव्यात. आणि काय आहे, या वेळी गोठ्यापाशी नाही हं. मागच्या पडवीत खुर्ची ठेवू."

मी हसले. खरंच हसू आलं. इतकी वर्षं, एक मेलेलं मूल, आणि खुर्ची.

"दिवाणजी, शेटना सांगा, खुर्ची घरात राहू दे. शालिनीताईंना आज इथे आणून ठेवा. कळांची वाट बघू नका. या वेळीही मूल आडवं असू शकतं. आणि सोबत शेटनी स्वतः यायचं. मूल होईपर्यंत बाकावर बसायचं. दिवाणजी चालणार नाहीत, मुलगा चालणार नाही."

"आणि नाही आले तर?"

शालिनी एकटी आली असती तरी मी तिला घेतलीच असती. पेशंटवर सूड घ्यायचा नसतो. घरावर घ्यायचा असतो. पण हे दिवाणजींना सांगायची मला गरज वाटली नाही.

शालिनी दुपारी आली. तपासलं. मूल आडवंच होतं, पण पाणी गेलेलं नव्हतं. मी आणि डॉक्टरांनी पोटावरून हाताने हळूहळू वळवलं. डोकं खाली आलं. पोटाला पट्टा बांधला. "आता असंच राहायचं हं," मी पोटाला म्हटलं, तेव्हा शालिनी पहिल्यांदा हसली. मग मला म्हणाली, "बाई, सासरे बाहेर आहेत. त्यांना लवकर सोडू नका."

तिला कळा लागल्या त्या दुसऱ्या दिवशी उजाडताच. वैशाख. पत्रे तापलेले. अप्पाशेट रात्रीपुरते घरी जाऊन परत बाकावर. त्यांच्या एका बाजूला कातकरी म्हातारा, लेकीची वाट बघत विडी चघळणारा. दुसऱ्या बाजूला एक कोळीण, टोपलीसकट. शेटनी धोतर गुडघ्यांमध्ये दाबून धरलेलं, कुणाला लागू नये म्हणून. घरून तांब्या आला. मी दारातच थांबवला.

"बाहेरचं पाणी आत चालत नाही."

"मी बाहेरच बसलोय."

"बाक माझ्या हद्दीत आहे. माठ आहे ना. घ्या."

त्यांनी माठाकडे बघितलं. मग समोर बघितलं. बाजारातून माणसं मुद्दाम दवाखान्यावरून जायला लागली. धर्मा आला, आता केस पांढरे झालेला. "राम राम शेट. तान लागली का? पानी देऊ?" कोळीण पदरात तोंड घालून हसली. शेटचे ओठ सुकून पांढरे पडले होते. मी आत-बाहेर करताना दर वेळी बघत होते. मला बरं वाटत होतं. मला वाटलं, हाच तो जाब. एक घोट घेतला की संपलं. माझ्या हातचं पाणी, सगळ्या बाजारासमोर.

दिवस चढत गेला. त्यांनी घोट घेतला नाही.

शालिनीचा आवाज उतरला, जड झाला. मूल डोक्याने आलं. मुलगी. रडली, आणि चांगली रडली. नाळ मी स्वतः कापली. बाहेर आले आणि म्हटलं, "मुलगी. दोघी सुखरूप आहेत."

अप्पाशेट उठले. धोतर झटकलं. म्हणाले, "म्हणजे सोयर लागलं."

आणि सरळ माठाशी गेले, पेला भरला आणि घटाघटा प्यायले. एक. मग दुसरा. मिशी पुसली आणि माझ्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणाले, "आता चालतं. आता दहा दिवस सगळं विटाळलेलंच."

मी माठाशेजारी तशीच उभी राहिले. माझा सूड त्यांनी दोन पेल्यांत पिऊन टाकला होता. त्यांच्या धर्माला त्यांच्यासाठी नेहमीच एक दार असतं. मला बंद, त्यांना उघडं. पाणी पाजून या माणसाचं काही होणार नाही, हे मला तेव्हा कळलं. त्याला वाटलं तर तो दहा दिवस माझ्या ताटात जेवेल आणि अकराव्या दिवशी आंघोळ करील.

ते पुढे म्हणाले, "कपड्यांचं बघ हं कुणाला तरी सांगून. घरी सध्या कामाची बाई नाही." वर असंही म्हणाले, "तुमच्यात करतात ना ते."

मी आत गेले. खाटेखालचं बोचकं उचललं. चादर, लुगडं, चिंध्या, सगळं ओलं, जड. गाठ घट्ट केली. बाहेर आणलं आणि दोन्ही हातांनी त्यांच्या छातीशी धरलं.

"हे काय?"

"तुमचं आहे."

"मी उचलू हे?"

"तुम्हीच म्हणालात, आता चालतं. दहा दिवस सगळं विटाळलेलंच."

त्यांनी हात मागे घेतले. मी बोचकं सोडलं नाही. पुढे रेटत राहिले. बाकावरचा कातकरी उठून उभा राहिला. कोळीण टोपली सोडून उभी राहिली. धर्मा दारात. शेटनी इकडेतिकडे दिवाणजींना शोधलं. दिवाणजी रस्त्यापलीकडे पानाच्या दुकानाशी पाठ करून उभे होते.

आतून शालिनीचा आवाज आला. थकलेला, पण स्पष्ट.

"मामंजी, घ्या ते. माझं आहे."

शेटनी हात पुढे केले. मी सोडलं. बोचकं जड होतं, ते थोडे वाकले. पायऱ्या उतरले. पनवेलच्या भर बाजारातून, तांदळाच्या वखारींसमोरून, स्वतःच्या गिरणीसमोरून ते बोचकं घेऊन गेले. मी पायरीवर उभी राहून ते दिसेनासे होईपर्यंत बघितलं. मला दया आली नाही. येईल असं वाटलं होतं. आली नाही.

माझं समाधान झालं असंही नाही. जो मुलगा मेला तो मेलेलाच आहे. पण एक गोष्ट मला त्या पायरीवर पक्की समजली. त्यांनी माझ्या हातचं प्यावं म्हणून मी इतकी वर्षं धडपडले, ती चूक होती. त्यांनी आपलं आपण उचलावं, एवढंच पाहिजे. आणि ते कुणी आपणहून उचलत नाही. आपल्याला सोडावं लागतं.

त्याच दिवशी खोलीत येऊन मी भागीआत्याला पत्र लिहिलं. आत्या म्हातारी झाली होती, तरी गावात तिलाच बोलावत. तिला वाचता येत नाही. गावात टपाल खोतांच्या नातवाकडे येतं आणि अडाणी माणसांना तोच ओट्यावर बसून पत्रं वाचून दाखवतो. ऐकायला सगळा गाव जमतो. हे मला माहीत होतं आणि ते लक्षात ठेवूनच मी लिहिलं.

ती. भागीआत्यास नमस्कार.

मी बरी आहे. आज अप्पाशेटची सून सुखरूप बाळंत झाली. तिचं बोचकं मी तिच्या सासऱ्याच्या हातात दिलं. त्यांनी ते बाजारातून घरी नेलं. सगळ्या पनवेलने बघितलं.

आत्या, खोतांची धाकटी सून गरोदर आहे असं कळलं. तुला बोलावणं येईल. जा. बाईला टाकून राहू नकोस. पण पहिल्या कळेला जा आणि पुढच्या दाराने जा. थांब म्हणाले तर थांबू नकोस. अडवलं तर मला निरोप धाड, मी मोटार घेऊन येते आणि धर्माला बरोबर आणते. नाळ काप, बाळ आईच्या छातीशी दे, साबणाने हात धू आणि घरी ये. बोचकं उचलायचं नाही. दारात पडलं तर पडू दे. वास सुटला तर सुटू दे, त्यांच्या घरात सुटू दे. आपल्या वाड्यातल्या साऱ्या बायकांना हे सांग. पनवेलला सुईणींचा वर्ग मी सुरू करते आहे. तिथेही पहिल्या दिवशी हेच शिकवणार आहे, कात्री त्यानंतर.

हे पत्र तुला खोतांचा नातू वाचून दाखवील. त्याला वाचता यावं म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. त्याने एकही ओळ गाळू नये. तोही तुझ्याच हातात जन्मला आहे आणि त्याचंही बोचकं तूच धुतलं आहेस, हेसुद्धा त्याने मोठ्याने वाचावं.

त्याने काही गाळलं तर मला कळेल. बाळंतपण झालं की मी स्वतः गावी येणार आहे. आधी खोतांच्या मागल्या दारी जाईन आणि बोचकं कुणी उचललं ते बघेन. मग तुझ्याकडे जेवायला येईन.

तुझी भाची